तारण : पेढीवरचे आणि प्रार्थनेतले

जळगावात सोन्याविषयी बोलायला निमित्त लागत नाही. मी मात्र आज सोन्याच्या वाटेने जरा वेगळ्या गोष्टीकडे जाणार आहे.

बी.ए. झाल्यावर मी इथल्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो. माझ्या टेबलावर सोनेतारण कर्जाचे काम आले. बायाबापड्या रुमालात बांधलेली पोत, पाटल्या, कानातले घेऊन यायच्या. सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासून पाहायचा, वजन सांगायचा आणि मी रजिस्टरमध्ये ‘तारण’ या रकान्यात लिहायचो : पाटल्या दोन, वजन अमुक, कर्जाची रक्कम अमुक. कविता लिहिणाऱ्या माणसाने एकच शब्द दिवसातून वीस-पंचवीस वेळा लिहिला की तो शब्द त्याच्यापुरता मरतो. ‘तारण’ हा शब्द माझ्यापुरता तसाच मेला होता.

तो जिवंत केला आमच्या गल्लीतल्या एका ख्रिस्ती मावशीने. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती, नंतर निवृत्त झाली. नवरा रेल्वेत होता, तो आधीच वारला होता. माझ्या अम्मीच्या दुखण्यात रात्री-अपरात्री सुई टोचायला हीच यायची. नातवाच्या फीसाठी ती पाटल्या घेऊन माझ्या खिडकीशी आली. मी म्हणालो, ‘मावशी, तारण म्हणून लिहिलंय ना, त्याच्याखाली सही करा.’ ती हसली. म्हणाली, ‘आमच्या चर्चमध्ये दर रविवारी हाच शब्द असतो रे भाऊ. फक्त आमच्या तारणात आपण काही ठेवायचं नसतं. आपल्याजवळ ठेवायला असतंच काय? दुसऱ्यानं ठेवलेलं असतं.’ मग तिने सही केली, नोटा दोनदा मोजल्या आणि निघताना सहज विचारल्यासारखे विचारले, ‘तुझं काय?’

रांगेत मागे आठ-दहा माणसे होती. मी ‘पुढचे या’ म्हणालो.

त्या दोन शब्दांचे उत्तर मी अजून जुळवतो आहे. आधीच सांगून टाकतो, मी मुसलमान आहे आणि मुसलमानच राहिलो. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला मी इथे आलेलो नाही आणि त्याचे खंडन करायलाही नाही. पण शेजारच्या घरात काय शिजते आहे त्याचा वास आपल्याला रोज येतो आणि ते वरण आहे की कढी एवढे विचारायचे कष्टही आपण घेत नाही, असे आपले झाले आहे. ज्या निरोपावर आपली शेजारीण जगली आणि मेली तो निरोप काय आहे आणि तो ऐकणाऱ्याने करायचे काय, एवढेच समजून घेऊ.

मराठीत ‘तारण’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक पाण्याकाठी. तरणे, तारणे, तारू, भवसागर तरून जाणे हे सगळे एकाच कुळातले शब्द. तापीला पूर आला की पोहता न येणाऱ्याला पलीकडे नेणारा तो तारणारा. दुसरे घर पेढीवर, तिथे तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती माणूस ‘तारण’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो, बुडणाऱ्याची सुटका. पण मला वाटते दुसऱ्या अर्थाशिवाय पहिला नीट कळत नाही, आणि मावशीला ते नेमके उमगले होते.

तो निरोप थोडक्यात असा. माणूस देवापासून दुरावला आहे. या दुराव्याला ते पाप म्हणतात. पाप म्हणजे नुसती चोरी-चहाडी नव्हे, माणसाचे तोंडच चुकीच्या दिशेला असणे. हा दुरावा माणूस स्वतःच्या पुण्याईने भरून काढू शकत नाही. उपवास, दानधर्म, वंशाचा मोठेपणा, काही पुरे पडत नाही. तेव्हा देवानेच पाऊल टाकले. येशूच्या रूपाने तो माणसात आला, निरपराध असून क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्या मरणात माणसाचे देणे फिटले. हे माणसाला फुकट मिळते. याला ते कृपा म्हणतात. माणसाने फक्त ते स्वीकारायचे.

इथे मराठी बायबलमध्ये एक शब्द येतो, तो आजच्या वाचकाला अडखळवतो : ‘खंडणी’. येशूने आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, अशा अर्थाचे वाक्य शुभवर्तमानात आहे. आपण खंडणी हा शब्द वाचतो गुन्हेगारीच्या बातमीत. त्या काळी मात्र गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी भरायच्या रकमेला तो शब्द होता. म्हणजे पुन्हा पेढीच. माझ्या तिजोरीतल्या पाटल्या कितीही शुद्ध सोन्याच्या असोत, त्या स्वतःहून उठून घरी जाऊ शकत नसत. कुणीतरी येऊन मुद्दल-व्याज भरायचे, मग त्या सुटायच्या. आपण बोलतोही तसेच, ‘दागिना सोडवून आणला.’ चौदा महिन्यांनी मावशीचा मुलगा आला आणि त्याने पाटल्या सोडवल्या. संध्याकाळी मावशीने दारातूनच मनगटे हलवून दाखवली. तिला जे म्हणायचे होते ते तिने न बोलता म्हटले.

मराठीत हा निरोप सांगण्याची खटपट जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. ख्रिस्ताची कथा सांगताना त्याने मोक्ष, वैकुंठ हे इथलेच शब्द घेतले. परका माणूस आपल्या भाषेत येतो तेव्हा आधी आपल्या भाषेचे दागिने अंगावर घालून पाहतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, त्यांचे नाव इथे घेतल्यावाचून मला राहवत नाही. मराठी कुणाला ‘तू कोण’ असे विचारत नाही, ते विचारणारे आपण. ते असो.

आता माझी अडचण सांगतो, कारण ती लपवली तर हे भाषण खोटे होईल. आम्ही ईसा अलैहिस्सलामना पैगंबर मानतो. त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाचा एक संपूर्ण अध्याय कुराणात आहे. पण ते देवाचे पुत्र होते हे आम्ही मानत नाही. ते क्रुसावर मेले हेही कुराण मान्य करत नाही. आणि मुख्य म्हणजे एकाचे ओझे दुसऱ्याने उचलायचे, ही गोष्टच आमच्या शिकवणीत बसत नाही. प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः द्यायचा. म्हणजे मावशी जिथे ‘दुसऱ्यानं ठेवलेलं असतं’ म्हणाली, नेमक्या तिथेच आमचे रस्ते वेगळे होतात. सर्व धर्म शेवटी एकच सांगतात असे व्यासपीठावरून बोलले की टाळ्या मिळतात. मला ते आळशीपणाचे वाटते. दोन माणसे वेगळे बोलत असतील तर त्यांचे वेगळे बोलणे ऐकून घेण्यात जास्त आदर आहे.

मात्र एका शब्दापाशी आम्ही पुन्हा भेटतो. ख्रिस्ती लोक ‘पश्चात्ताप’ म्हणतात, आम्ही ‘तौबा’. मराठीत पश्चात्ताप म्हणजे मागाहून झालेला ताप, वाईट वाटणे. बायबलच्या मूळ ग्रीक शब्दात मन पालटणे आहे आणि अरबी तौबा या शब्दात परत फिरणे. नुसते रडून भागत नाही, वळावे लागते. भुसावळकडे निघालेला माणूस चुकून धुळ्याच्या गाडीत बसला आणि खिडकीशी बसून हळहळत राहिला तर तो भुसावळला पोचत नाही. त्याला उतरावे लागते.

हे फुकट मिळणारे तारण स्वीकारायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आपल्याला आज पडला असे नाही. बायबलमध्येच तो पुन्हा पुन्हा येतो, आणि गंमत अशी की उत्तर दर वेळी वेगळे मिळते. यरुशलेमात पेत्राचे भाषण ऐकून लोक अस्वस्थ होऊन विचारतात, आता आम्ही काय करावे? तो सांगतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या. एक श्रीमंत तरुण येशूलाच विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? त्याला सांगितले जाते, असेल ते विकून गरिबांना दे. तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला मागून हाका मारत नाही, अट सैल करत नाही. पिच्छा पुरवणाऱ्या सगळ्याच धर्मांच्या प्रचारकांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट मला फार आवडते. पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून त्याच्या ताब्यात दिले होते. मध्यरात्री भूकंप झाला आणि तुरुंगाची दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तो तलवार उपसून स्वतःचा जीव द्यायला निघाला. पौल अंधारातून ओरडला की आम्ही सगळे इथेच आहोत. तेव्हा तो थरथरत आला आणि विचारले, माझे तारण व्हावे म्हणून मी काय करू? उत्तर मिळाले, विश्वास ठेव. पण त्यानंतर त्याने पहिले काम कोणते केले? त्याच रात्री त्या दोघांच्या जखमा धुतल्या. आदल्या संध्याकाळी त्याच जखमांसकट त्याने त्यांना आतल्या कोठडीत टाकले होते. मग त्यांना घरी नेऊन जेवू घातले.

आणि जक्कय. यरीहो गावचा मुख्य जकातदार, ठेंगणा, पैसा खाऊन गबर झालेला. येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू वर पाहून म्हणतो, खाली ये, आज मी तुझ्या घरी उतरणार आहे. गावाला हे आवडत नाही. जक्कय उभा राहून जाहीर करतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो की आज या घराचे तारण झाले. पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला ही गोष्ट दोनदा वाचावी लागते. आमच्या खानदेशात किती ठेवीदारांचे पैसे अडकले, ते मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. पांढऱ्या झालेल्या पावत्या घेऊन म्हातारी माणसे यायची आणि आम्ही खाली बघायचो. चौपट राहू द्या, मुद्दलही न परतवता देवापुढे हात जोडणारे सगळ्याच धर्मांत आहेत.

विश्वासाने तारण की कृत्यांनी, हा वाद ख्रिस्ती जगात शतकानुशतके चालला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो ऐरणीवर आणला आणि चर्च दुभंगले. १९९९ साली कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने जर्मनीतल्या आउग्सबुर्गला एका संयुक्त निवेदनावर सह्या करून त्या वादातला मोठा भाग मिटवला. पंडितांचे ते पंडितांपाशी. तुरुंगाधिकाऱ्याने जखमा धुतल्या त्या तारण मिळावे म्हणून नव्हे, मिळाले म्हणून. मला वाटते ख्रिस्ती माणसाचे म्हणणे एवढ्यात येते.

पण गोष्टी परक्या मुलुखातल्या झाल्या. आपल्या मराठी माणसांनी हा निरोप ऐकून काय केले?

१८९३ साली नारायण वामन टिळक नावाचे एक संस्कृतज्ञ कवी रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. त्याने उतरताना टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्या त्या पानांनी त्यांना सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांची ती मुदत पाळली गेली म्हणायची.

कविमनाला हे पुरे वाटेल. एक माणूस, एक पुस्तक, एक निर्णय. पण त्या माणसाला बायको होती. लक्ष्मीबाई. तिला कुणी काही विचारले नव्हते. नवरा बाटला ही बातमी तिच्यावर कशी कोसळली, नातेवाइकांकडे काढलेली ती वर्षे कशी गेली, हे तिने ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले आहे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. मी बी.ए.ला असताना ते पहिल्यांदा वाचले आणि रात्रभर वाचत राहिलो. दुःख सांगता सांगता ही बाई हसवते.

माझ्या विषयापुरते महत्त्वाचे असे. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून राहिल्या. मग त्यांना स्वतःलाच प्रश्न पडला : ही जातपात देवाने केली की माणसाने? विचार करून त्यांनी ठरवले की हे माणसाचे काम. आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचे घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. नवऱ्याच्या आणि त्यांच्या बाप्तिस्म्यात पाच वर्षांचे अंतर आहे. टिळक ग्रंथाच्या वाटेने गेले, लक्ष्मीबाई चुलीच्या वाटेने. मला विचाराल तर दुसरी वाट कठीण होती. शिवाशिव सोडणे हे त्यांचे पहिले पाऊल होते आणि ते कुणी सांगितले म्हणून टाकलेले नव्हते.

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. सात-आठ वर्षे त्या बाप्तिस्मा घेतलेल्या पण आतून रिकाम्या अशा राहिल्या, आणि मग कधीतरी त्यांना वाटले की आपण जशा आहोत तसा देवाने आपला स्वीकार केला आहे. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी विधवांसाठी, दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी घर उभारले. त्याचे नाव ‘मुक्ती’. ज्या बाईने मुक्तीवरचे संस्कृत ग्रंथ पाठ केले होते, तिने तो शब्द अनाथ मुलींच्या घराच्या दारावर लावला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेच काम करत होत्या. स्टीफन्सने जे जड अलंकार घातले होते ते रमाबाईंनी एकेक करून उतरवले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ करून ती भाषा आजची केली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२४ मध्ये ते गेले.

आता आपल्या जळगावाकडे येतो. १९०७ साली इथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला, त्याने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या पोराला पुढे आपल्या घरी अहमदनगरला कोणी नेले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. रेव्हरंड टिळकांनी. तो त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांविषयी केवढ्या मायेने लिहिले आहे!

बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तोवर ते जसे होते तसेच राहिले. ज्या माणसाने घर, जात, आप्त सगळे पणाला लावून तारणाचा निरोप स्वीकारला, त्याच्या घरात हा मुलगा राहिला, जेवला, त्याच्याशी कवितेवरून भांडला. टिळक धर्माविषयी गप्प बसणारे नव्हते. तरी प्रेमाची अट म्हणून त्यांनी बाप्तिस्मा पुढे केला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. पूल एकाच दिशेने वापरायचा नसतो हे त्यांना कळत असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. दोन वर्षांनी ते वारले. तो दरबार फार चालला नाही. पण एका ख्रिस्ती पाळकाने चर्चच्या उंबरठ्याबाहेरच्या शिष्यांनाही आपले म्हणावे, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी मराठीत घडली होती.

इथवर सगळी शिकली-सवरलेली माणसे झाली. खानदेशात हा निरोप जास्त करून गेला तो रेल्वेच्या वसाहतीत आणि सातपुड्याच्या पायथ्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, भिल्ल आणि मावची वस्त्यांतून फिरले. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेला आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणारा नवापूर तालुका घ्या. तिथे आज पुष्कळ आदिवासी कुटुंबे ख्रिस्ती आहेत. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात सगळ्या धर्मांचे रोगी जातात. त्या बाजूला नाव काढले की लगेच वाद सुरू होतो : हे लोक समजून ख्रिस्ती झाले की आमिषाने?

मी या वादात तिऱ्हाईत आहे आणि नाहीही, कारण हाच प्रश्न माझ्या पूर्वजांविषयीही विचारला जातो. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्याची मर्यादाही सांगितली : आपले म्हणणे सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचा धर्म बदलायचा हक्क नाही. मला हे कायद्याइतकेच ख्रिस्ती निरोपाच्या तर्काने बरोबर वाटते. जे फुकट आहे ते विकत कसे देणार? पोतेभर धान्य देऊन घेतलेला विश्वास हा येशूच्या हिशेबातही खोटाच ठरतो. पण याची दुसरी बाजूही आहे. आदिवासी बाईने स्वतः ऐकून, पारखून काही स्वीकारले असेल, तर ‘तिला काय कळतंय’ म्हणणे हा तिचा अपमान आहे. लक्ष्मीबाईंनाही काय कळतंय असे म्हणणारे होतेच.

मग ज्यांना ख्रिस्ती व्हायचे नाही अशा तुम्ही-आम्ही काय करायचे? धुळ्याच्या तुरुंगावरून जाताना मला फिलिप्पैच्या तुरुंगाची आठवण होते आणि विनोबांचीही. १९३२ साली त्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेच विनोबा पुढे अरबीतून कुराण वाचतात, ‘कुराण-सार’ काढतात, ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढतात. ते ना मुसलमान झाले ना ख्रिस्ती. पण दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्याच भाषेत, त्याच्याच मांडीवर बसून वाचावा, हाही एक प्रतिसादच आहे.

येशूची सर्वांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, पैसा उडवतो, डुकरे राखतो, शेवटी परत येतो. बाप लांबूनच त्याला पाहून धावत सुटतो. त्या काळच्या म्हाताऱ्या इभ्रतदार माणसाने असे धावणे शोभत नसे. चर्चमध्ये भर असतो तो या धाकट्यावर. माझे लक्ष मात्र थोरल्याकडे जाते. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आणि रागावून दारातच उभा राहतो. त्याचे म्हणणे काही चूक नाही. इतकी वर्षे राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, मला एक करडूही मिळाले नाही. पाच वेळा नमाज पढणारा, एकादशी न चुकवणारा, रविवार न चुकवणारा, आम्ही सगळे थोरले भाऊ. बाप बाहेर येतो, त्याचीही मनधरणी करतो. आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

मावशी एका डिसेंबरात गेली. अंत्यविधीच्या प्रार्थनेला मी गेलो. चर्चच्या दारात, मशिदीतल्या सवयीने, मी चपला काढल्या. आतून पायांत बूट असलेला एक तरुण पुढे आला आणि हळूच म्हणाला, ‘काका, इथे काढायची गरज नाही. या ना आत.’ तो तिचा नातू होता, ज्याच्या फीसाठी पाटल्या ठेवल्या होत्या तोच. आत गाणे सुरू झाले होते, मराठीच होते, अभंगाच्या चालीचे. मला चपला पुन्हा घालाव्यात की हातात धराव्यात ते कळेना. मी त्या हातात धरून काही वेळ तिथेच उभा राहिलो.